तात्यांच्या अर्जातला एक शब्द

तात्या, काल तुमचं तेरावं झालं. पानं उठली, आणि ओटीवर विडा चघळत बसलेल्या मंडळींनी तुमची स्तुती सुरू केली. "असा माणूस होणे नाही. पोराचा खटला बुडाला, पण ठाण्याच्या कोर्टात उभा राहून खरं ते खरं बोलला." सगळ्यांच्या माना डोलत होत्या. मी उठलो आणि परसात जाऊन विहिरीपाशी बसलो. आणखी एक शब्द कानावर पडला असता तर मी कुणाच्या तरी मुस्काटात दिली असती, आणि ते तुमच्या तेराव्याला बरं दिसलं नसतं.

याच मंडळींना तुम्ही तेवीस वर्षांपूर्वी दारोदार जाऊन विचारलं होतं, साक्षीला येता का. एकाची म्हैस व्यायली होती, एकाच्या घरी पाहुणे होते, आणि एकानं तर सरळ सांगितलं, "गुरूविरुद्ध कोर्टात? नको रे बाबा, पाप लागेल." आता तुम्ही गेल्यावर त्यांना तुमचं सत्य आठवतंय. काल माझ्या डाव्या हाताला बसलेले दोघे हळूच म्हणाले, "पोरगा मात्र तिरसट निघाला." त्यांना वाटलं, डावीकडून बोललं की मला ऐकू येत नाही. उजवा कान शाबूत आहे हे लोक विसरतात.

तर तात्या, मी रागावलेला आहे. त्या मंडळींवर आहे, मास्तरांवर आहे, कायदा लिहिणाऱ्यांवर आहे, आणि तुमच्यावरही आहे. तुमच्यावरचा राग तुम्ही असताना पुरता बोलून झाला नाही, म्हणून आज सकाळी तुमच्या दुकानात, तुमच्याच बैठकीवर, तुमचा अर्ज पुढ्यात घेऊन बसलोय. हा अर्ज सोमवारच्या टपालानं जायलाच हवा. विद्याखातं शाळांचे नियम पुन्हा लिहून काढतंय, सोमवारपर्यंत टपालात पडलेलं लोकांचं म्हणणंच घेणार, मग पुढची कितीतरी वर्षं तोच नियम, असं भिकाजीपंत वकील सांगून गेले. अर्ज तयार आहे. अक्षर माझं, बोलणं तुमचं, आणि खाली तुम्ही काढलेली कातरीची निशाणी. फक्त त्यातल्या एका शब्दावर आपलं भांडण झालं होतं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात.

मला शाळेत घातलंत तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तुम्ही शिवलेली तांबड्या काठाची डगली, नवी टोपी, पाटीवर सरस्वती, हातात नारळ आणि बत्ताशांची पुडी. मला मास्तरांच्या पायांवर वाकवलंत, पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "मास्तर, पोरगं तुमच्या पदरात घातलं. मांस तुमचं, हाडं आमची." मास्तर हसले, तुम्हीही हसलात. म्हणजे झोडा, सोला, हाडं तेवढी धड परत द्या. कल्याणातला प्रत्येक बाप पोराला शाळेत घालताना हेच म्हणायचा, कुणी त्याचा अर्थ लावत बसायचा नाही. तुमच्या बापाला हे म्हणायची वेळच आली नव्हती, कारण तुम्हाला शाळेचं दार कुणी दाखवलं नाही. म्हणून तुम्ही ते जरा जास्त ऐटीत म्हणालात. शिंप्याचा पोर शाळेत चाललाय आणि अशा वेळी भली माणसं जे बोलतात ते आपल्यालाही बोलता आलं, याचं सुख तुमच्या तोंडावर दिसत होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो तुमचा हसरा चेहरा आठवला की मला अजून संताप येतो, आणि मग लगेच वाईटही वाटतं.

मी नऊ वर्षांचा असताना एका सकाळी शाळेच्या दारावर चित्र दिसलं. पागोट्याच्या जागी भोपळा, आणि खाली हुबेहूब मास्तरांच्या मिशा. पोरं हसून लोळत होती. मास्तरांनी दारावर बोट फिरवलं, ते बोट चोळून पाहिलं आणि म्हणाले, "हा कापडावर रेघा मारायचा खडू. शिंप्याच्या घरावाचून हा कुठं असतो?" मला पुढे बोलावलं. काढलंस का? मी म्हटलं, नाही. एक थप्पड. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही, पुन्हा थप्पड. तिसऱ्या वेळी त्यांनी उजवा हात मागे नेलेला मला दिसला. मग डाव्या कानात मोठा आवाज झाला आणि त्यानंतर त्या बाजूनं काहीच आलं नाही. बाकीच्या पोरांना त्यांनी मोठ्यानं पावकीचे पाढे म्हणायला लावले होते. माझ्या डाव्या अंगाची पोरं नुसती तोंडं हलवताना दिसत होती.

डगलीच्या गळ्यावर रक्त बघून तुम्ही हातातलं काम खाली टाकलंत. मला विचारलंत, "तू काढलंस?" मी म्हटलं, "नाही, तात्या." तुम्ही एवढंच म्हणालात, "बस्स." आई रडत होती, म्हणत होती जाऊ द्या, पोराची शाळा जाईल, मास्तरांशी वैर घेऊन या गावात राहायचंय आपल्याला. शेजारी म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर देत होतात, की माझा पोर खोटं बोलत नाही. महिनाभर हेच. कापड घेऊन येणाऱ्याला, देवळात भेटणाऱ्याला, न विचारणाऱ्यालाही.

मग आपण ठाण्याला निघालो, विटा भरलेल्या होडीतून, भरती बघून. मला ती मौज वाटत होती, हे सांगायला आज लाज वाटते. बाळकूमला उतरलो. धक्क्यावर एक किरिस्तांव बाई सुकटीची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. माझ्या कानावरची पट्टी बघून तिनं जवळ बोलावलं.

"कोनी मारला रं पोरा तुला?"

"मास्तरांनी."

"न् तुजा बापूस कय करीत व्हता?"

तिनं काही टोचून विचारलं नव्हतं, सहज विचारलं होतं. तिनं मला खायला एक पेरू दिला. तुम्ही पागोटं सारखं केलंत आणि चालू लागलात, आणि कचेरीपर्यंतच्या त्या सगळ्या वाटेत माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं मी पेरू घेतला म्हणून रागावलात.

कोर्टात आधी डॉक्टर उभे राहिले. पडदा फाटलाय, पोराला या कानानं आज ऐकू येत नाही, असं त्यांनी सांगितलं. कायमचं का, या प्रश्नावर ते म्हणाले, ते आज सांगता येणार नाही, वर्ष जावं लागेल. झालं. आता मी ठाण्याला कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो, पिनलकोड मला पाढ्यासारखा पाठ आहे, म्हणून मला कळतं की खटला तिथंच अर्धा मेला होता. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं तर ती जबर दुखापत. कायमचं ठरत नसेल तर साधी. कानाला वर्ष हवं होतं आणि खटला महिन्यात निकालात निघाला. आणि साधी दुखापत असली, पोर बारा वर्षांच्या आतलं असलं, मारणाऱ्याचा हेतू चांगला असला आणि बापाची संमती असली, की तो गुन्हाच नाही. एकोणनव्वदावं कलम.

संमती कुठून आणायची, तर मास्तरांच्या वकिलानं ती तुमच्याच तोंडून काढली.

"मुलाला शाळेत घातलंत तेव्हा मास्तरांना काय म्हणालात?"

तुम्ही पागोटं सारखं केलंत.

"'मांस तुमचं, हाडं आमची' असं म्हणालात की नाही?"

आपले भिकाजीपंत कागद चाळत होते. मी बाकाच्या टोकाला उभा होतो, उजवा कान पुढे करून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"म्हणालो," तुम्ही म्हणालात.

"अर्थ ठाऊक होता?"

"सगळेच म्हणतात, साहेब."

"सगळ्यांचं नाही विचारलं. तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो."

"मग तक्रार कसली? हाडं तुमची तुम्हाला परत मिळालीत. एकही मोडलेलं नाही."

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसुद्धा हसू दाबत होते. त्यांनी निकालात लिहिलं, पित्यानं संमती दिली होती, मुलगा खोडकर व खोटं बोलणारा असल्याचा गुरूंचा समज झाला होता, हेतू सुधारणेचा होता. मास्तर सुटले, आणि कल्याणात त्यांना हार घातले. वर्षानं तो कान कायमचा गेला हे कुणीही सांगितलं असतं, पण वर्षानं विचारायला कोण आलं?

मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. एका पोराच्या कानाबद्दल किती जणांना विचारायचं ते त्यात लिहिलंय. मास्तराचा हेतू काय होता? बाप काय म्हणाला? डॉक्टरला काय वाटतं? ज्याच्या डोक्याला तो कान आहे त्याला काय विचारायचं, हे कुठंच लिहिलेलं नाही. मला त्या कोर्टात कुणी एक प्रश्न विचारला नाही, तात्या. मी दिवसभर तिथं उभा होतो.

तुम्ही मला ती शाळा सोडायला लावलीत, ठाण्याला भिकाजीपंतांच्या घरी ठेवलंत, दुसऱ्या शाळेत घातलंत. तिथं घालताना काय म्हणालात ते मी ऐकलं. "मास्तर, पोर सकाळी ठेवून जातोय. संध्याकाळी आहे तसं परत द्या." तो मास्तर भला होता, तो म्हणाला, म्हणजे काय शिंपीबुवा, पोर म्हणजे कापड आहे का? तुम्ही म्हणालात, "कापड तर मी आहे तसं परत देत नाही, कापून देतो. म्हणून तर सांगतोय."

आणि मग तुमचं ते वेड सुरू झालं. शाळेत घालायच्या पोराला नवी डगली लागते, आणि डगलीचं माप घ्यायला पोराला घेऊन बाप तुमच्याच पायरीशी येतो. तुम्ही खांद्याचं माप घेत घेत बापाला विचारायचात, "शाळेत घालताना मास्तरांना काय म्हणणार?" तो हसून तेच म्हणायचा. मग तुम्ही माप सोडून खाली बसायचात आणि त्याला सगळा खटला सांगायचात, हाडं परत मिळालीत इथपर्यंत. "तेवढं वाक्य बोलू नका. दुसरं काहीही म्हणा." काही जण चिडून कापड उचलून दुसऱ्या शिंप्याकडे गेले. एकजण म्हणाला, मी डगली शिवायला आलोय, कीर्तन ऐकायला नाही. आई कपाळावर हात मारून घ्यायची. पण तात्या, मागच्या वर्षी मी कल्याणच्या बाजारात एका भाजीवालीला तिच्या पोराला शाळेच्या दारात सोडताना ऐकलं. ती मास्तरांना म्हणाली, "संध्याकाळी हाय तसा परत द्या बगा." तिला तुमचं नावही ठाऊक नसेल. मी तिथंच पिशवी धरून उभा राहिलो आणि मला काय करावं ते सुचेना. घरी येऊन तुम्हाला सांगायचं होतं, पण त्या दिवशीही आपलं भांडण झालं.

भांडण नेहमी तेच असायचं. मी म्हणायचो, एकदा, फक्त एकदा, 'आठवत नाही' म्हणाला असतात तर? एवढ्या वर्षांपूर्वीचं एक वाक्य आठवत नाही, यात कुणाचं काय बिघडलं असतं? मास्तरांना दंड झाला असता, पुढच्या मास्तराचा हात जरा आखडला असता. तुम्ही सुईत दोरा ओवत म्हणायचात, "पण मी म्हणालो होतो रे." मी म्हणायचो, त्या कोर्टात सगळे आपापल्या सोयीचं बोलले, तुम्हीच कशाला हरिश्चंद्र झालात? माझा कान गेला आणि तुम्ही तुमचं सत्य सांभाळलंत. हे मी तुम्हाला तोंडावर म्हटलंय. एकदा नाही, अनेकदा. तुम्ही कधी उलट बोलला नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर मला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांपूर्वी खोकला वाढला तेव्हा तुम्ही निरोप धाडून मला बोलावून घेतलंत आणि हा अर्ज सांगायला सुरुवात केलीत. धापा टाकत, एकेक वाक्य. मी टाक चालवत होतो. "माझ्या निरपराध मुलास मास्तरांनी मारून त्याचा कान निकामी केला." मग मागणी. "तरी कोणत्याही निरपराध मुलाच्या डोक्याला वा कानाला मास्तरांनी हात लावू नये, आणि बाप शाळेत घालताना रीतीप्रमाणे जे बोलतो ती संमती धरू नये, असा नियम व्हावा."

मी टाक ठेवला. म्हटलं, "तात्या, 'निरपराध' काढा."

"का?"

"नियम उलटा होईल. निरपराधाला मारू नका म्हटलं की खातं म्हणेल, आम्ही कुठं निरपराधाला मारतो? ज्याला मारलं तो अपराधी होता, असं प्रत्येक मास्तर लिहून देईल. त्या एका शब्दाआड सगळ्यांच्या छड्या लपतील."

"अरे, पण त्या शब्दावर तर सगळं उभं आहे. पोरानं काही केलं नव्हतं, तरी मारलं. अन्याय तो हाच."

"अन्याय हा नाही. केलं असतं तरी तो अन्यायच होता."

तुम्ही बराच वेळ खोकलात. मग माझ्याकडे असं पाहिलंत की मला मान खाली घालावीशी वाटली. "म्हणजे? तू निरपराध नव्हतास का?"

"होतो," मी म्हणालो.

"मग राहू दे तो शब्द." आणि माझ्या हातून टाक घेऊन तुम्ही खाली कातर काढलीत. दोन पाती, दोन कड्या. एक कडी नीट मिटलीच नाही. मी रागानं ठाण्याला निघून गेलो, आणि पुढच्या खेपेला आलो तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी भिकाजीपंत आले. आता पार थकलेत. माझ्याशेजारी बसून मला म्हणाले, "तुझ्या बापाला मी पढवलं होतं रे. तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. म्हटलं, 'आठवत नाही' म्हण. त्यानं होकार दिला होता. आदल्या दिवशी माझ्या ओटीवर बसून त्यानं चार वेळा म्हणून दाखवलं."

मी म्हटलं, मग कोर्टात काय झालं?

"मी बाहेर आल्यावर त्याला फाडून खाल्लं. तर म्हणाला, 'पंत, पोर बाकाशी उभं होतं. एवढा मार खाऊन त्यानं न केलेलं कबूल केलं नाही. त्याच्यासमोर मी खोटं बोलू?'"

पंतांना वाटलं, मला हे ऐकून समाधान वाटेल. ते माझ्या पाठीवर थोपटत होते. मला मात्र ओटीवरून उठून पळून जावंसं वाटत होतं, कारण ही गोष्ट जर मला तेवीस वर्षांत कुणी सांगितली असती, तर मला तुमच्याशी एक दिवसही भांडता आलं नसतं.

तात्या, ते चित्र मीच काढलं होतं.

तुमच्या बैठकीखालच्या डब्यातून मी खडू चोरला होता. आदल्या संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर. आधी भोपळा काढला, मग मिशा. मला ते फार आवडलं होतं. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणालो, कारण 'हो' म्हणालो असतो तरी मार बसणार होता. यात शौर्य कसलं? मी भ्यालो होतो. घरी तुम्ही विचारलंत तेव्हाही 'नाही' म्हणालो, कारण तोवर रक्त आलेलं होतं आणि तुमचा चेहरा बघून मला वाटलं, आता हो म्हणालो तर हे माझी बाजू सोडतील. तेव्हाच सांगितलं असतं तर कोर्टात तुम्ही 'आठवत नाही' म्हणाला असता का? मला वाटतं, तुम्ही कोर्टात गेलाच नसता. मला घेऊन मास्तरांच्या दारात माफी मागायला गेला असता. आणि माझा कान तरीही गेलेलाच असता.

याचाच मला सर्वात जास्त राग येतो. माझ्या खोट्यामुळे तुम्ही खरं बोललात, हे आहेच. ते मला मरेपर्यंत पुरेल. पण तुम्हीसुद्धा, तुम्ही, ज्यांनी माझ्यासाठी गाव अंगावर घेतलं, तुम्हीसुद्धा मनात हेच धरून होतात की मी काही केलं नव्हतं म्हणून माझी बाजू घ्यायची. मास्तर म्हणाले, पोर अपराधी, म्हणून मारलं. तुम्ही म्हणालात, पोर निरपराध, म्हणून मारायला नको होतं. दोघांचं माप एकाच दोरीचं. मी गेली कित्येक वर्षं तुमच्याशी सत्यावरून भांडलो, तेव्हा खरं भांडण हे होतं, आणि ते बोलायचं तर आधी हे कबूल करावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तर तुम्ही सरळ विचारलंत. मी बत्तीस वर्षांचा घोडा, आणि पुन्हा तेच खोटं.

तुम्ही खरोखर माझी बाजू सोडली असतीत का? मला कळत नाही. कदाचित तुम्ही मला दोन शिव्या दिल्या असत्यात, माफी मागायला लावली असतीत, आणि मग मास्तरांना म्हणाला असता, पण कान कशाला फोडलात? पुढं पुढं तुम्ही बदलला होतात. 'आहे तसं परत द्या' म्हणताना तुम्ही बापांना कधी सांगितलं नाहीत की चांगलं पोर असेल तरच परत द्या. मी तुम्हाला विश्वासानं सांगायला हवं होतं. ती संधी मी घालवली आणि तुम्हाला दोष देत बसलो.

आता अर्जाचं. माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. निशाणी झाल्यावर कागदात खाडाखोड करायची नाही, आणि केलीच तर समासात कारण लिहून सही करायची. मेलेल्या माणसाच्या निशाणीवर खाडाखोड हे तर फारच वाईट. काल मंडळी सांगत होती, तात्यांचा अर्ज जसाच्या तसा पाठव, त्यांच्या सत्याला धक्का लावू नकोस. मी विचार केला, नवा कागद घेऊन शब्द गाळून सुबक नक्कल करावी, पण मग तुमची कातर त्यावर येणार नाही, आणि माझं खोटं पुन्हा एकदा कुणाला न कळता निभावून जाईल.

म्हणून याच कागदावर दोन्ही जागी तो शब्द मी आडवी रेघ मारून खोडलाय. खाली काय होतं ते वाचता येईल अशी रेघ मारलीय. समासात मी असं लिहिलं:

"येथे 'निरपराध' हा शब्द होता, तो अर्जदाराचा मुलगा म्हणजे मी खोडला आहे. चित्र मीच काढिले होते, व विचारिले असता मी खोटे बोललो. माझ्या वडिलांस हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. माझा डावा कान त्या दिवसापासून बहिरा आहे. अर्जातील मागणी कायम आहे."

खाली पुरं नाव लिहून सही केली. तुम्हाला राग येईल, तात्या, माहीत आहे. येऊ द्या. अर्ज असाच जाईल.